हजेरीपटावरची माणसे

ज्यांच्या हाती गावाने आपली राखण निःशंकपणे सोपवली होती, त्यांच्याच वंशजांना पुढे इंग्रजी अंमलात जन्मतः गुन्हेगार ठरवण्यात आले, ही मराठी मुलुखाच्या सामाजिक इतिहासातील अत्यंत क्लेशदायक घटना होय. गावात चोरी झाली की रामोशाने पावलांचा माग काढावा, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील रामोशाच्या हवाली करावा, आणि माग आपल्याच शिवारात हरवला तर नुकसानीची भरपाई स्वतः करावी, असा जुना दंडक होता. या जोखमीबद्दल त्याला गावाकडून धान्य मिळे. मांगाकडे नाडे-दोरखंड वळण्याचे काम असे आणि पुष्कळ ठिकाणी राखणदारीही असे. या माणसांना गावाने वेशीबाहेर ठेवले हे खरेच. पण चोर म्हणून ठेवले नव्हते.

चोर ही त्यांची ओळख कागदावर तयार झाली, आणि त्या कामात कादंबरीचाही हात होता. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गास अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली लंडनमध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली आपल्या हत्यांची हकिकत साहेबापुढे बसून सांगतो. टेलरला या देशाविषयी आपुलकी होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि येथे खून हा काहींचा पिढीजात धर्म आहे, ही समजूत अशाच लेखनाने इंग्रज वाचकाच्या मनात दृढ केली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करताना गंभीरपणे पुढे आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. दप्तरात नाव चढे, परगावी जाण्यास परवाना लागे. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सबंध हिंदुस्थानास लागू करता येऊ लागली आणि बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अख्खी कुटुंबेच्या कुटुंबे ठेवण्यात आली. त्या वस्तीस लोक आजही सेटलमेंट म्हणतात.

या कागदाला मराठीत खणखणीत उत्तर दिले ते वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी. शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेल्या या लेखकाच्या ‘फकिरा’ या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. गावच्या जत्रेचा मान असलेल्या जोगणीसाठी प्राण वेचणारा राणोजी हा फकिराचा बाप. म्हणजे ज्या घराण्याने गावाच्या अब्रूसाठी रक्त सांडले, त्याच घराण्यातल्या माणसांना सरकार चावडीवर हजेरीला उभे करते. माझ्या मते या कादंबरीचे खरे सामर्थ्य लढायांच्या वर्णनात नसून या हजेरीत आहे. पूर्वग्रह म्हणजे कोणा एका दुष्टाच्या मनातील तिरस्कार, असे समजणाऱ्या लेखकाने एखादा खलनायक रंगवून समाधान मानले असते. अण्णा भाऊंनी मात्र दाखवले की नाव पुकारले की ‘हजर’ म्हणावे लागणे, हेच पुरेसे आहे. पुकारणाऱ्याने द्वेष करण्याचीही गरज नाही. त्यांनी विष्णुपंत कुलकर्ण्यासारखा न्यायी माणूसही त्याच गावात उभा केला. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, आणि कायद्याने आधीच लावलेला शिक्का त्या क्षणी खरा ठरल्यासारखा दिसतो. ही कोंडी इतक्या निर्भयपणे मांडणारी मराठी कादंबरी मी तरी दुसरी वाचलेली नाही.

१९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले. परंतु सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांनी पोलिसांची नजर त्यांच्यावरून हलू दिली नाही. ही गोष्ट पुढे त्या जमातींतल्याच एका माणसाने प्रथमपुरुषी लिहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. त्यात मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि त्याच सुमारास वस्तीतली पोरे आजारी पडतात, तेव्हा त्याच्या शाळेमुळेच हे अरिष्ट आले असे त्याचेच भाऊबंद म्हणू लागतात. बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेली वेस आता त्यांच्या स्वतःच्या मनातही उभी राहिली होती, आणि गायकवाडांनी तीही झाकून ठेवली नाही.