भित्रेपणा नव्हे, आजार

फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चार्ल्स मायर्स यांनी तीन सैनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. तोफगोळ्यांच्या स्फोटात सापडल्यावर त्यांची स्मृती, दृष्टी, गंध व चव बिघडली होती. ऐकू मात्र जवळजवळ नीट येत होते. 'शेलशॉक' हा शब्द या लेखामुळे वैद्यकात आला. लष्कराला मात्र असे अनेकजण भित्रेच वाटत. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून काहींना गोळ्या घातल्या गेल्या.

त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांचे पुस्तक निघाले. भीती वाटताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते व शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते, असे त्यांनी दाखवले. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांना ताणाखालील उंदरांच्या याच ग्रंथींचे बाह्यक वाढलेले आढळले. माणसात या बाह्यकातून कॉर्टिसॉल स्रवते. मग ताण जितका जास्त तितके कॉर्टिसॉल जास्त, असे कोणालाही वाटेल.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 'आघातोत्तर ताणविकार' अधिकृत यादीत घेतला. १९८६ मध्ये जॉन मेसन व सहकाऱ्यांनी अशा माजी सैनिकांचे मूत्र तपासले, तेव्हा त्यांतील कॉर्टिसॉल नैराश्यासारख्या विकारांच्या रुग्णांपेक्षा चक्क कमी निघाले! असे का व्हावे?

कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोचून स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालते. १९९३ मध्ये रेचेल येहुदा यांनी रुग्णांना डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या औषधाची अल्प मात्रा दिली; त्यांचे कॉर्टिसॉल इतरांपेक्षा अधिक घटले. म्हणजे हा लगामच जास्त घट्ट होता. पुढे सर्वच अभ्यासांत कॉर्टिसॉल कमी आढळले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मेंदूत अमिग्डाला धोक्याची सूचना देते, तर प्रसंग कोठे व केव्हा घडला याची नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो. रुग्णांत हिप्पोकॅम्पस लहान आढळला, तेव्हा दोष ताणाला दिला गेला. २००२ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास झाला. तीव्र विकार असलेल्या सैनिकांच्या, युद्धावर न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच होता! तेव्हा काहींच्या बाबतीत तो परिणाम नसून आधीपासूनची दुर्बलता असावी.

२००६ मध्ये ब्रिटनने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. भूकंप किंवा अपघात पाहिलेला एखादा विद्यार्थी बाक सरकल्याच्या आवाजाने दचकला, तर त्याला 'भित्रा' म्हणण्यापूर्वी आपण हा इतिहास आठवावा.