विकलेला टाक

आजीच्या गोष्टींतल्या देवाने कधी पाऊस पाडला नाही, साथ थोपवली नाही, गेलेलं माणूस उठवलं नाही. तसल्या गोष्टी तिला येत होत्या, पण त्या श्रावणात, पोथी पुढ्यात असताना. एरवी काज करता करता, दातांत दोरा धरून ती जे सांगायची ते आमच्याच घरचं असे.

आम्ही भावसार. म्हैसुरात आमच्यासारखी मराठी बोलणारी शिंप्या-रंगाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात कानडीने पोसलेली मराठी, देव्हाऱ्यात पांडुरंग आणि हिंगलाज माता. समाजातली मूळ कथा अशी: परशुराम क्षत्रियांच्या मागे लागला तेव्हा भावसिंग आणि सारसिंग हे राजपुत्र देवीला शरण गेले. तिने त्यांना पाठीशी घातलं, जीव वाचवला, पण राज्य काही परत दिलं नाही. तलवारी ठेवा आणि सुई-दोरा, रंग हाती घ्या, म्हणाली. लहानपणी मला हा सौदा फारच तोट्याचा वाटे. देवीचं मूळ ठाणं बलुचिस्तानात, लासबेला जिल्ह्यात, हिंगोळ नदीकाठच्या डोंगरात. तिथले मुसलमान तिला नानी म्हणतात. आमच्यातलं कुणी तिथवर गेलेलं नाही. 1947 नंतर तर तो विषयच मिटला. त्यामुळे देवी म्हणजे आम्हाला चांदीचा एक टाक, बोटाच्या दोन पेरांएवढा.

तो टाक दुष्काळात गेला. 1876 ते 78 चा दुष्काळ. 1871 च्या खानेसुमारीत म्हैसूर संस्थानात पन्नास लाखांच्या वर माणसं होती, 1881 मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. जिथे पोटाला नाही तिथे कपडे कोण शिवून घेणार? आजीचे आजेसासरे बायको-मुलांना घेऊन बंगळूर-म्हैसूर लोहमार्गाच्या मातीकामावर गेले. दुष्काळी काम म्हणून तो भराव घातला जात होता. शेजारच्या मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला रोज पौंडभर धान्य आणि एक आणा पुरे ठरवला होता. आमच्या माणसाच्या पदरात काय पडे ते गोष्टीत नाही. गोष्टीत आहेत ते सुईला सवयीचे हात, त्यांना आलेले फोड आणि घमेलं उचलताना बायकोची होणारी चिडचिड.

एका आठवड्यात कामही थांबलं. तेव्हा बायकोने पदराच्या गाठीतला टाक सोडला आणि वाटेतल्या सावकाराकडून त्याची नाचणी आणली. ‘विकला’ म्हटलेलं आजीला खपत नसे. ती म्हणायची, “आईने स्वतःला विकून घेतलं.” दामाजीपंतांसाठी विठ्ठल महाराच्या वेशात बीदरला जाऊन धान्याचे पैसे भरून आला, ही कथा महिपतींच्या 1762 सालच्या ‘भक्तविजया’मुळे घरोघर गेली. आजीच्या मते आमच्या देवीचं काम त्याहून जड होतं. “विठोबाकडे थैली तरी होती,” म्हणायची. कीर्तनात हे कुणी सांगणार नाही, पण मला तिचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. 1882 मध्ये गाडी म्हैसूरला पोचली आणि आमचं घराणं त्याच रुळांच्या मागोमाग शहरात आलं. टाक पुन्हा घडवला, पण जस्ताचा. चांदी परवडू लागली तरी तो बदलला नाही.

मग 1898 चा प्लेग. आधी बंगळूर, पाठोपाठ म्हैसूर. राजा अज्ञान, महाराणी वाणीविलास सन्निधान कारभार पाहत होत्या. पुढे 1903 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं आणि दाट वस्ती फोडून नवे रुंद रस्ते आखले गेले, त्यामागे या साथीचा धसकाही होता. मुंबईत हाफकिनने वर्षभर आधीच लस काढली होती, पण टोचून घ्यायची आमच्या लोकांना प्लेगहून जास्त भीती. घरात उंदीर पडायला लागले की कुलूप लावून रानात जायचं, एवढाच उपाय त्यांना ठाऊक.

आमचे गेले पश्चिमेला, बोगादीत. आज तिथे रिंगरोड आहे, लेआउट आहेत. मीही तिथेच एका तिसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा तळं, नाचणीची शेतं आणि थोडी घरं. शहरातून आलेल्याला कुणी जवळ करीना. एका शेतकऱ्याने, आम्ही अजून ‘गौडांचं घर’ म्हणतो त्यांनी, बांधाकडेची जागा दाखवली आणि बांबू दिले. गोणपाट दाभणाने जोडून आमच्यांनी भिंती केल्या. गौडांची म्हातारी रोज मडकंभर अंबील बांधावर ठेवून लांब जाऊन उभी राहायची. तिच्या रूपाने आई आली, असं आजीच्या सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या.

त्याच झोपडीत त्यांची धाकटी मुलगी गेली. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. आजीला ती दुसऱ्या कुणाकडून कळली. मी एकदा विचारलं, मग त्या पोरीच्या वेळी आई कुठे होती? आजीने दोरा तोडला, गाठ मारली आणि म्हणाली, “तिच्याजवळच असणार. आपल्याकडे मग म्हातारीला पाठवली.” मला ते पटलं नाही. राखल्याच्या गोष्टी सांगायला राखलेलीच माणसं उरतात, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण सासूबाईंनी मुलगी पुरून त्याच संध्याकाळी ते मडकं उचललं होतं, आणि त्यांच्या जागी असतो तर मी काय म्हटलं असतं, हे मला सांगता येत नाही.

गौडांकडे दर दसऱ्याला आमच्याकडून शिलाई न घेता शिवलेले कपडे जात. दोन्ही घरांचा हिशेब असा चालू होता आणि मला वाटायचं, तो एकाच बाजूचा आहे. आता त्यांची शेतं प्लॉट झाली, नातू माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. त्याच्या आईने मला त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. त्या वर्षी प्लेगच्या भीतीने कापणीला मजूर मिळेना, नाचणी उभी वाळत होती. बांधावर राहायला आलेल्या शिंप्यांनी विळे धरले, आडवेतिडवे का होईना शेत कापलं, खळ्यावर राबले आणि रात्री बसून धान्याची पोती शिवून दिली. ते नसते तर पुढचं वर्ष दिसलं नसतं. मारम्मा देवीनेच त्यांना धाडलं, असं त्यांच्याकडे अजून सांगतात. अंबिलीच्या मडक्याचं त्यांच्या गोष्टीत नावही नाही.

मी हे घरी येऊन आजीला सांगितलं. ती तेव्हा नव्वदीला टेकली होती, ऐकायला कमी यायचं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. “धाडलं हे खरं,” ती म्हणाली, “पण मारम्माने नाही.”