आमोख्ता

उर्दू शाळेत किंवा मदरशात जे शिकले त्यांना ‘आमोख्ता’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फारसीत ‘आमोख्तन’ म्हणजे शिकणे, आणि ‘आमोख्ता’ म्हणजे शिकून झालेले. आज नव्याने मिळाला तो सबक. मागे पाठ केलेले रोज थोडे थोडे उस्तादांना पुन्हा ऐकवायचे तो आमोख्ता. मराठीत याला उजळणी म्हणतात. भांड्यावर पुटे चढणारच, ती घासून काढायची, एवढे त्या शब्दातच आले.

हा शब्द आठवण्याचे कारण आपल्या घरांतले आहे. नगर, श्रीरामपूर, संगमनेरकडची मुले-मुली रशिया, किरगिझस्तान, कझाकस्तानला जाऊन डॉक्टर होऊन येतात. कुणाची शेती गहाण पडलेली असते, कुणाच्या अम्मीचे दागिने मोडलेले असतात. परत आल्यावर त्यांच्यासमोर एफएमजीई उभी राहते. परदेशातून पदवी घेतलेल्यांसाठी ही परीक्षा 2002 पासून आहे. एका दिवसात 300 प्रश्न, त्यातले 150 बरोबर आले पाहिजेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्ण कितीतरी जास्त असतात. अडचण अशी की पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र सहा-सात वर्षांनी पुन्हा विचारले जाते. मज्जारज्जूतून कोणती वाट कुठे जाते, हे एकेकाळी तोंडपाठ असलेले पार पुसून गेलेले असते. वर मोहल्ल्यात विचारणा सुरू होते, ‘डॉक्टर होऊन आला ना, मग आता कसली परीक्षा?’

ही परीक्षा कुणाला नवी वाटत असेल तर त्याने हिजरी 319 म्हणजे इसवी सन 931 चे बगदाद आठवावे. एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याची बातमी खलिफा अल्-मुक्तदिरपर्यंत गेली. त्याने मुहतसिबाला हुकूम दिला की सिनान इब्न साबितने परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये. मुहतसिब म्हणजे बाजारातली वजने-मापे आणि धंद्यांची सचोटी तपासणारा अधिकारी. नामांकित आणि दरबारी हकीम सोडले, तरी शहराच्या दोन्ही काठांवर परीक्षेला आलेल्यांची संख्या 860 च्या वर गेली, असे जुने चरित्रकार नोंदवतात.

त्यातला एक प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो. एक रुबाबदार म्हातारे गृहस्थ सिनानकडे आले. सिनानने त्यांना मानाने बसवले, दिवसभर इतरांना प्रश्न विचारताना त्यांच्याकडे अदबीने वळत राहिला. सगळे गेल्यावर त्यांनी कागदात बांधलेले दिनार पुढे ठेवले. लिहिता-वाचता येत नाही, पण घर यावरच चालते, रोजी तोडू नका, असे ते म्हणाले. सिनान हसला. त्याने अट घातली: जे कळत नाही त्यात हात घालायचा नाही, रक्त काढायला किंवा जुलाबाचे जालीम औषध द्यायला सांगायचे नाही. म्हातारबुवांनी सांगितले की आयुष्यभर ते सिकंजबीन आणि गुलाबाच्या सरबतापलीकडे गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण परीक्षेला आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचेच गृहस्थ. सिनानने त्यालाही तीच मर्यादा घालून सोडून दिले.

गोष्ट गमतीची आहे, पण परीक्षेच्या मुळाशी एक मेलेला माणूस आहे हे विसरता येत नाही. म्हणून ‘परीक्षाच रद्द करा’ ही मागणी मला पटत नाही. आपली अम्मी आजारी पडली तर तिला तपासणाऱ्याला मज्जारज्जूची वाट आठवावी, असेच आपल्याला वाटेल.

आता विसरण्याकडे येतो. हुनैन इब्न इसहाक हा नस्तुरी ख्रिस्ती, 873 च्या सुमारास वारला. त्याने विद्यार्थ्यांसाठी ‘मसाइल’ हे वैद्यकाचे पुस्तक सरळ प्रश्नोत्तरांत रचले आणि त्याच्या भाच्याने ते पूर्ण केले. पुढे लॅटिनमध्ये जाऊन ते युरोपच्या विद्यापीठांत शिकवले गेले. डोळ्यांच्या हकिमांची परीक्षा हुनैनच्याच नेत्रविषयक दहा प्रकरणांवर घ्यावी, असे मुहतसिबांसाठीच्या अरबी ग्रंथात लिहिलेले आहे. म्हणजे अभ्यासाचे पुस्तक तेच, परीक्षेचेही तेच. इब्न सीनाने ‘कानून’ एवढा मोठा लिहिला, तरी त्याला वेगळी ‘उर्जूजा’ लिहावी लागली: सुमारे 1300 बैतांत सगळे वैद्यक, पाठ करण्यासाठी. आपल्याकडे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ श्लोकांत आहे ते उगीच नाही. शिकलेले निसटते हे गृहीत धरूनच हे गुरुजन लिहीत होते.

नगरचाही यात हिस्सा आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात रुस्तम जुरजानीने इथे फारसीत ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा वैद्यकग्रंथ लिहिला. इतिहासकार फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला, इथेच वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. त्याने आयुर्वेदाची माहिती फारसी वाचकांसाठी ‘दस्तूरुल अतिब्बा’त आणली. फरिश्ता म्हटले की आपण फक्त लढाया आणि तहच आठवतो.

विसरण्याचा हिशेब मांडणारे एबिंगहाऊसचे जर्मन पुस्तक 1885 चे. शिकल्यावर लगेचच गळती सर्वांत जास्त होते, आणि अंतराने केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. हिफ्जच्या वर्गाला हे आधीच ठाऊक होते. कुरआन बांधलेल्या उंटापेक्षा लवकर निसटते, त्याची सतत काळजी घ्या, अशा अर्थाची हदीस बुखारीत आणि मुस्लिममध्ये आहे. खुद्द पैगंबर (स.) दर रमजानमध्ये जिब्रीलबरोबर दौर करत, शेवटच्या वर्षी तो दोनदा झाला.

तरावीहमध्ये हाफिज अडखळला की मागून लुकमा मिळतो आणि नमाज पुढे चालू राहते. कुणी त्याला ‘तू हाफिज नाहीस’ म्हणत नाही. 19 विषय घेऊन बसलेल्या मुलांना मात्र आपण खोलीत एकटे सोडतो, समोर मोबाइलवर तासन्‌तास चालणारी व्याख्याने. ऐकताना सगळे येते असे वाटते, पुस्तक मिटले की काहीच येत नाही. त्यापेक्षा दोघांनी समोरासमोर बसावे. एकाच्या हातात उघडे पुस्तक, दुसऱ्याचे मिटलेले. आजचा सबक वीस पाने, पहिल्या वर्षाचा आमोख्ता दहा पाने, अडले तिथे लुकमा. जोडीदार डॉक्टरच हवा असेही नाही. उत्तर पुस्तकात आहे, ते वाचून पडताळता येणारी बहीणही चालेल.