वळकटीचे वजन : १८९७ मधील दोन सायकलसफरी

‘बाडबिस्तरा’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ओझेच येते. आपली वळकटी बैलगाडीत पडून राहिली, पुढे रेल्वेच्या फलाटावर हमालाच्या डोक्यावर चढली. तिच्या वजनाची चिंता निजणाऱ्याला सहसा करावी लागली नाही. वळकटी सायकलला बांधायची वेळ आली तेव्हा मात्र प्रत्येक पदराचा हिशोब करणे भाग पडले. हा हिशोब कोणी, कोणासाठी केला, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

टॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवासास गेला, तेव्हा त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, पिस्तूल आणि एक रेनकोट एवढेच होते. तोच रेनकोट तंबू आणि तोच अंथरूण. (याच प्रवासात १८८६ मध्ये तो लाहोरहून कलकत्त्यास आला.) इतके हलके निघणे त्याला परवडले, कारण वाटेत सराया होत्या आणि अनोळखी पाहुण्याला घरात घेणारी माणसे होती.

ज्याला कोणाच्याही दाराशी न जाता उघड्यावर रात्र काढायची आहे, त्याचा विचार टॉमस हायरम होल्डिंग याने केला. हा लंडनचा शिंपी. वयाच्या नवव्या वर्षी, १८५३ मध्ये, गाड्यांच्या तांड्याबरोबर त्याने अमेरिकेची गवताळ मैदाने ओलांडली होती. १८९७ मध्ये तो सोबत्यांसह आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकल आणि तंबू घेऊन हिंडला, त्यावर १८९८ मध्ये पुस्तक लिहिले आणि वाचकांचे अनुभव मागवले. त्यातून १९०१ मध्ये सायकलवरून तंबूसह हिंडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. १९०८ मध्ये त्याचा तंबूनिवासावरील मोठा मार्गदर्शक ग्रंथ निघाला. शिंपी असणे येथे गौण नाही. कापडाचा पोत, शिवण, कोठे दुहेरी पदर हवा आणि कोठे एकेरीवर भागते, हे ज्याच्या बोटांना ठाऊक तोच तंबूसाठी रेशमाचा विचार करतो. आपली वळकटी आपणच बेतावी, हे स्वातंत्र्य त्याच्यापाशी होते.

त्याच १८९७ साली, १४ जून रोजी, अमेरिकेतील मोंटाना प्रांतातल्या फोर्ट मिझुलाहून पंचविसाव्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णीय शिपाई सायकलींवर निघाले. नायक लेफ्टनंट जेम्स मॉस, बरोबर एक लष्करी डॉक्टर आणि एडवर्ड बूस हा वार्ताहर. हे तिघेही गोरे. सेंट लुईसपर्यंतचे सुमारे १,९०० मैल त्यांनी ४१ दिवसांत, २४ जुलैला पुरे केले. प्रत्येकाच्या हँडलला ब्लँकेटची गुंडाळी, तीत अर्धा तंबू. दोघांनी आपापले अर्धे जोडावे, तेव्हा एक राहुटी होई. वजन वाटून घेण्याची ही लष्करी युक्ती चतुर खरी, पण ती शिपायांनी निवडलेली नव्हती. रिकामी सायकल ३२ पौंडांची, सामानासह सुमारे ५९. अंगावर जवळजवळ दहा पौंडांची रायफल आणि पन्नास काडतुसे वेगळी.

हे आकडे कोरड्या कागदावरचे आहेत. आरंभीचे दिवस पावसाचे, चिखलाचे होते, खंडविभाजक डोंगररांगेवर बर्फ होते. भिजलेली लोकर थोडीफार ऊब टिकवते हे खरे, पण ती पाणी पिऊन जड होते आणि सकाळी गुंडाळली की चढ चढवायची तीच. शिवाय थंडी खालून येते. अंगाखाली दबलेल्या कापडातली हवा निघून जाते, ओली जमीन पाठीशी भिडते. आज रात्रीच्या सायकलसफरीसाठी बिस्तरा निवडणारे म्हणूनच आधी पाठीखालच्या हलक्या चटईचा विचार करतात आणि कित्येक जण पाठीकडचा भाग नसलेली पिसांची रजई घेतात, कारण दबलेल्या पिसांचे वजन फुकट वाहावे लागते.

होल्डिंगची सफर आपण त्याच्याच शब्दांत वाचतो. शिपायांची सफर आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः मॉस आणि बूस यांच्या लेखणीतून. वर्गात ‘प्रवासवर्णन’ शिकवताना आपण निवेदकाची दृष्टी तपासतो; त्याची वळकटी कोणी बांधली, हेही विचारायला हरकत नसावी.

नेब्रास्काच्या वाळूत चाके रुतली, तेव्हा हीच माणसे रेल्वेमार्गाने सायकली ढकलत गेली. सेंट लुईसहून ती आगगाडीने मिझुलाला परतली. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या नव्या सफरीची मॉसची मागणी नामंजूर झाली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि पलटण क्यूबाकडे रवाना झाली, सायकलींविना.