फर्ग्युसन महाविद्यालयाचा आरंभकाळ आणि दक्षिण कोकण

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलसारख्या गावातील विद्यार्थ्यास एकोणिसाव्या शतकात उच्च शिक्षणाची इच्छा झाली, तर गाव सोडण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. समुद्रमार्गाने मुंबई गाठावी, किंवा चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून देशावर जावे, एवढेच पर्याय. अशा घाट चढून गेलेल्या कुटुंबांचा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या जडणघडणीतील वाटा मोठा आहे. परंतु त्याची चर्चा बहुधा पुणेरी राजकारणाच्या अंगानेच होते.

२ जानेवारी १८८५ रोजी पुण्यात हे महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे सावंतवाडी संस्थानातील असोलोपालचे. गणित व संस्कृत शिकविणारे टिळक रत्नागिरीचे. त्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आलेले आणि पुढे महाविद्यालयात शिकवू लागलेले गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म अंजनवेलच्याच गुहागर तालुक्यातील कोतळूक या आजोळच्या गावी १८६६ साली झाला होता.

गोखल्यांचे विद्यार्थिजीवन त्या काळच्या निर्धन विद्यार्थ्याचा नमुनाच होय. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावास पाठवीत. उरलेल्या सातांत त्यांचा स्वतःचा संसार. त्यागी प्राध्यापकांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्यामागे उभ्या असलेल्या अशा भावांचे मात्र फारसे झालेले नाही.

अध्यापनाचे माध्यम इंग्रजी होते. घरी चित्पावनी किंवा कुणबी बोली बोलणारा मुलगा पुण्यात आल्यावर प्रथम शिष्ट मराठीशी व लगोलग बर्कच्या इंग्रजीशी झगडे. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून न्या. रानडे यांना शतकाच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. तथापि अभ्यासक्रमाने जे नाकारले, ते अध्यापकांनी वर्गाबाहेर केले. आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा’ १८८८ मध्ये निघाले; त्याच वर्षी ‘सुधारक’ही सुरू झाला. मराठी वाक्याचे पृथक्करण आणि समाजाचे पृथक्करण एकाच बुद्धीने चालले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

अध्यापकांनी बाहेरची कामे स्वीकारावीत की नाहीत, या प्रश्नावरून मंडळींत वाद झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करणे टिळकांना रुचले नाही. १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यांच्या जागी गणित शिकविण्यास १८९१ मध्ये आले ते मुरुडचे धोंडो केशव कर्वे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना बहिष्कृत केले. महाविद्यालयातील त्यांची जागा मात्र अबाधित राहिली. तेव्हा प्राचार्यपदी आगरकर होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कर्व्यांचे आप्त, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८९९ मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराचे मार्ग मोकळे असतानाही ते परतले व १९०२ मध्ये ७५ रुपये वेतनावर प्राचार्य झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, ऑक्टोबर १९०५ मध्ये, विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. हा निर्णय केवळ भित्रेपणाचा मानणे अन्यायाचे होईल. सरकारी अनुदान व विद्यापीठाची संलग्नता यांवर संस्थेचे जीवित अवलंबून होते. परंतु सरकारपासून स्वतंत्र असे शिक्षण देण्याच्या ईर्ष्येतून ज्या परंपरेचा आरंभ झाला, तिच्याच वास्तूत स्वदेशीसाठी विद्यार्थ्यास दंड व्हावा, ही विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

दक्षिण कोकणाने पुण्यास अध्यापक दिले. स्वतःच्या जिल्ह्यात महाविद्यालय येण्यास मात्र त्याला आणखी चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. रत्नागिरीस ते १९४५ मध्ये आले. अंजनवेलहून जवळच्या चिपळुणास महाविद्यालय निघावयास १९६५ साल उजाडले.