वाशीमपासून सुरुवात : निवडणूक-अभ्यासाची प्रस्तावना

निकाल लागला की ‘लाट होती’ किंवा ‘मतं फुटली’ एवढ्यावर पारावरची चर्चा आटोपते. निवडणुकीचा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीच्या निमित्ताने मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला. सुहास पळशीकर आणि राजेंद्र व्होरा यांनी महाराष्ट्राच्या राजकारणाची नेटकी चिकित्सा केली. त्या वाटेवर नव्या अभ्यासकाचे मनापासून स्वागत.

सुरुवात आपल्या मतदारसंघापासून करावी. वाशीमने १९७७ मध्ये वसंतराव नाईकांना लोकसभेत पाठवले. १९८० आणि १९८४ मध्ये जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद इथून निवडून आले. १९९९ पासून २०१९ पर्यंत भावना गवळी सलग पाच वेळा जिंकल्या, पहिल्या दोनदा जुन्या वाशीममधून आणि नंतर पुनर्रचित मतदारसंघातून. बाहेरचा उमेदवार केव्हा चालतो? पक्षाची पकड केव्हा बसते आणि केव्हा सुटते? असे प्रश्न इथेच हाती लागतात.

मतदारसंघाच्या सीमांकडेही लक्ष हवे. २००८ च्या पुनर्रचनेत जुना वाशीम मतदारसंघ संपला. वाशीम आणि कारंजा विधानसभा क्षेत्रे यवतमाळ जिल्ह्यातील चार क्षेत्रांशी जोडली गेली, तर रिसोड अकोल्यात गेले. जिल्हा एक, खासदार दोन! म्हणून २००९ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे थेट शेजारी मांडणे चूक ठरते.

या नव्या मतदारसंघात २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत लढत झाली आणि संजय देशमुख यांनी राजश्री पाटील यांचा ९४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. एवढ्या एका आकड्यावर थांबू नये. ‘फॉर्म २०’ मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते ओळीने दिलेले असते. पोहरादेवीच्या परिसरातील केंद्रे आणि कारंजा शहरातील केंद्रे शेजारी ठेवून पाहा; मग ‘जिल्ह्याचा कौल’ हा शब्द जपून वापराल.

जगाशी तुलनाही उपयोगी पडते. सुमारे सहा लाख लोकसंख्येचा सुरीनाम ५१ जणांची संसद निवडतो. आपल्याकडे त्याहून कितीतरी अधिक मतदार मिळून एकच खासदार निवडतात. सुरीनामने २०२५ ची निवडणूक जिल्हावार मतदारसंघ सोडून देशव्यापी प्रमाणशीर पद्धतीने घेतली. मते तीच राहिली, तरी मोजण्याची पद्धत बदलली की संसदेतील बळ बदलू शकते.

तेव्हा तरुण अभ्यासकांनो, आपल्या गावच्या केंद्राचे मागच्या तीन निवडणुकांचे आकडे मिळवा, मतदारांशी बोला आणि मगच निष्कर्ष काढा.