न्हाणीची शिळा

जमशेदखानाने जालन्याला काळी मशीद दिली, सराई दिली आणि सराईत उतरणाऱ्या वाटसरूंसाठी हमामही बांधला. गावाच्या पश्चिमेला त्याने मोती तलाव बांधवला, जमिनीखालून नळ टाकले आणि पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. जुन्या गॅझेटियरात ही नोंद आहे. तिच्याच पुढे लिहिलंय की नळ फुटले, गावातला मोठा हौद कोरडा पडला आणि भरभराटीच्या काळातल्या पाच तलावांपैकी पाणी उरलं ते फक्त मोती तलावात.

मी जालन्यात घरांची कामं करते. नकाशे काढते, गवंड्यांबरोबर उन्हात उभी राहते. लढायांच्या इतिहासापेक्षा ही फुटक्या नळांची नोंद मला जास्त जवळची वाटते, कारण या जिल्ह्यात माणसं कशी न्हायली हे नेहमी पाण्यानेच ठरवलं. त्याहून मागे जायचं तर भोकरदन आहे, सातवाहन काळातलं भोगवर्धन. तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन केलं. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी नातं सांगते. दागिने ल्यालेली स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दासी. न्हाणं-माखणं, नटणं हा या मातीतला जुना सोहळा आहे, एवढं त्यावरून कळतं. कोणाच्या वाट्याला तो सोहळा आला आणि कोणाच्या वाट्याला नुसतं पाणी वाहणं, हेही त्या दासींकडे पाहून कळतं.

पण मला सांगायचंय ते वाड्यातल्या न्हाणीबद्दल. कादराबादेत, जुन्या जालन्यात, अंबडला, घनसावंगीकडच्या खेड्यांत अशा न्हाण्या मी पाहिल्यात, मोजल्यात, आणि पाडल्या जातानाही पाहिल्यात.

न्हाणी असायची मागच्या सोप्यात, परसदाराला लागून. भिंती पांढरीच्या मातीच्या, आत काड आणि भुसा मळलेला. खालचे दोन-अडीच हात मात्र काळ्या दगडाचे, सांध्यात चुना. हा चुना घाणीत बैल फिरवून मळलेला, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. मधोमध एक काळी शिळा. तिला टाकीचे घाव मुद्दाम ठेवलेले असत, पाय घसरू नये म्हणून. पन्नास-साठ वर्षं माणसं तिच्यावर बसून न्हायली की घाव बोथट होत, आणि जिथे पाट ठेवायचा तिथे दगडाला किंचित खळगा पडे. शहाबादी फरशी नंतर आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून धावू लागली. शहाबादही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. ज्यांना परवडलं त्यांनी शिळेच्या भोवती फरशी घातली. शिळा मात्र कुणी उचलली नाही.

उजेड वरून यायचा, माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. पावसाळ्यात त्यावर फरशीचा तुकडा सरकवायचा. खिडकी नाही, म्हणून आडोसा पुरा. भिंतीत दोन कोनाडे. एकात रात्रीची चिमणी, दुसऱ्यात शिकेकाईची वाटी, डाळीचं पीठ आणि वजरी. खुंटीवर कोरडं लुगडं. कोपऱ्यात मातीत कमरेपर्यंत पुरलेला रांजण. आणि बंब.

तांब्याच्या बंबाची रचना मला अजूनही थक्क करते. मधून नळी, तिच्या बुडाशी जाळी, जाळीवर विस्तव. जळण म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. कापसाच्या आणि तुरीच्या मुलखात याची वाण कधी पडली नाही. वरच्या चाडीतून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं ऊन पाणी तोटीतून बाहेर पडतं. जेवढं ओताल तेवढंच मिळेल. घंगाळात घ्यायचं, विसण घालायचं, हात बुडवून पाहायचं आणि पाटावर बसून तांब्या-तांब्याने अंगावर घ्यायचं. दोन बादल्यांच्या आत मोठ्या माणसाची आंघोळ होई. घाई करताच येत नसे, कारण विस्तवाला घाई नसते. बाळंतिणीची न्हाणी वेगळी, खोलीतच केलेली. म्हातारी पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची. पाणी, शेक, धुरी, सगळं तिथल्या तिथे. आमच्याकडे पाचवीला त्या न्हाणीची पूजा होते, सटवाई तिथे येते म्हणून. देव्हाऱ्याबाहेर घरातल्या ज्या मोजक्या जागांना हळदकुंकू मिळतं, त्यातली ही एक.

पाणी दगडी पन्हळातून परसात जायचं. तिथे अळू, कर्दळ, एखादी केळ. अळूचं फदफदं ज्या पानांचं होई ती पानं घरच्या आंघोळीवर वाढलेली असत. साबण घरात येण्याआधी, शिकेकाई-रिठ्याच्या दिवसांत, त्यात वावगं काही नव्हतं.

हे सगळं मी प्रेमाने लिहितेय, पण वाड्यापुरतंच लिहून थांबणं बरोबर नाही. गावात वाडे किती असणार? बहुतेक घरांना न्हाणी नव्हतीच. दारापुढे नाहीतर मागच्या अंगाला एक दगड, भोवती तुराट्यांचा कूड, पुढे पोत्याचा पडदा. पुरुष नदीवर किंवा आडावर. बायकांनी उजाडायच्या आत उरकायचं, सणावारी नाहण्यासाठीसुद्धा तोच दगड, तोच अंधार. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना तर गावच्या आडावर पाय ठेवता येत नव्हता. आंघोळ पुढची गोष्ट, प्यायलासुद्धा कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा. आणि वाड्यातल्या घंगाळात येणारं पाणी चालत येत नव्हतं. ते गड्याच्या कावडीतून यायचं, सुनेच्या डोक्यावरून यायचं. न्हाणीतला निवांतपणा कुणाच्या तरी मानेवर उभा होता. म्हणून नळ आला तेव्हा माझ्या आजीच्या पिढीच्या बायकांना शिळेचं, साण्याच्या उजेडाचं काही वाटलं नाही. त्यांना तोटी फिरवल्यावर पाणी आलं, याचंच अप्रूप होतं, आणि ते रास्त होतं.

न्हाणी गेली ती दोन-तीन धक्क्यांत. १९७२ च्या दुष्काळाने आड आटले, बोअर आले, पाण्याची जागा घराच्या मागून पुढे सरकली. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला, हजारो गेली. किल्लारी आमच्यापासून दूर, पण भीती साऱ्या मराठवाड्याच्या माळवदांत शिरली. त्यात जालन्यात सळईचे कारखाने, म्हणजे लोखंड दारात. ज्याला जमेल त्याने स्लॅब टाकला. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. सांधे न बांधलेली दगडी भिंत भूकंपात काय करते, हे मी शिकलेय आणि गिऱ्हाइकांना सांगतेही. पण स्लॅबबरोबर आली ती पाच फूट बाय सात फुटांची बंद खोली, छतापर्यंत पांढरी टाइल, डोळ्यांवर येणारा दिवा, आणि गटारात जाणारं पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर जगत होतं, तेव्हाही या खोल्यांची मापं तीच होती.

आता पैसेवाली तरुण जोडपी माझ्याकडे येतात आणि फोनवर चित्रं दाखवतात: खडबडीत भिंत, वाकडं लाकूड, दगडाचं भांडं, मंद उजेड. जपानी पद्धतीचं न्हाणीघर हवंय म्हणतात, वाबी-साबी. मला त्यांचं हसू येत नाही. त्यांना दमायला झालंय आणि दिवसातली वीस मिनिटं त्यांना चकाकीपासून सुटका हवी आहे. म्हणून मी त्यांना आधी ती कल्पना कुठून आली ते सांगते.

सेन नो रिक्यू हा चहागुरू सोळाव्या शतकातला. १५९१ मध्ये गेला. त्याच्या काळात सरदारांकडे सोन्यारुप्याचा थाट होता, चिनी बनावटीच्या गुळगुळीत भांड्यांचं वेड होतं. त्याने चहासाठी दोन चटयांएवढी खोली मांडली. क्योतोजवळच्या यामाझाकीची ‘ताइआन’ ही त्याची म्हणून मानली जाणारी खोली आजही उभी आहे. तिच्या भिंती मातीच्या, काड उघडं दिसणाऱ्या. चहाचे पेले त्याने घडवून घेतले चोजिरोकडून, जो कौलं घडवणाऱ्यांतला कारागीर होता. चाकावर न फिरवता हाताने वळलेले, जरा बसके, काळे-तांबडे पेले. जुनं होणं, झिजणं, एका बाजूला कलणं यात रिक्यूला सौंदर्य दिसलं, कारण त्यात काळ आणि हात दोन्ही दिसतात. पुढे १९३३ मध्ये जुनिचिरो तानिझाकी या लेखकाने सावल्यांवर निबंध लिहिला, तेव्हा त्याची सुरुवातच घर बांधताना होणाऱ्या अडचणींपासून केली. शौचकूप आणि न्हाणीघर यांत चकचकीत टाइल घालायची की लाकूड, यावर त्याचा जीव अडला होता. जपानी माणूस आंघोळही बसूनच करतो. ठेंगण्या चौरंगावर बसतो, लहान बादलीने पाणी घेतो, अंग घासून स्वच्छ होतो आणि मगच पिंपातल्या कढत पाण्यात शिरतो. ते पाणी स्वच्छच राहतं, म्हणून घरातली सगळी माणसं पाळीपाळीने त्यातच बसतात.

हे ऐकताना ती मुलं मध्येच थांबवतात आणि म्हणतात, आमच्या आजोळी असंच होतं, फक्त पिंप नव्हतं. तिथून आमचं काम सुरू होतं.

मी पिंप बसवत नाही. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि तोही चुकवणाऱ्या जिल्ह्यात भरलेला टब शोभत नाही. कारखान्यात मुद्दाम तडे छापलेली टाइलही मी लावत नाही. ज्या झिजेला कुणाचं बसणं-उठणं माहीत नाही ती झीज खोटी. काळा दगड घेते, टाकी मारून घेते, उतार नीट ठेवते. दगडाचा उतार चुकला की शेवाळ धरतं आणि म्हातारं माणूस पडतं, म्हणून भिंतीला धरायला दांडाही लावते, तो स्टीलचा असला तरी चालतो. भिंतींना चुन्याचा गिलावा. हा हात असलेले गवंडी आता थोडे उरलेत आणि त्यांना सिमेंटवाल्याइतकीच मजुरी देणं मला अन्याय वाटतो, जास्त द्यायला लावते. स्लॅबला वर एक झरोका, जाळी आणि काच लावून. खाली बसायला पाट किंवा दगडी ओटा, तोटी गुडघ्याच्या उंचीवर, शॉवर नको. पाणी सौरबंबातून आलं तरी घंगाळात घ्यायचं. साबणाचं पाणी आता थेट अळूला देता येत नाही, म्हणून ते आधी वाळू-खडीच्या गाळणीतून जातं, मग कर्दळीत, उरलेलं शोषखड्ड्यात. मोलकरणीलाही वापरता येईल अशी एक मोरी त्याच पाण्यावर बाहेर काढून देते. तिच्याबद्दल घरमालकांशी वाद होतात आणि ती मी सोडत नाही.

एक विनंती मात्र आहे, ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना. वाडा पाडायचा ठरला की सागाच्या तुळया, दरवाजे यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. न्हाणीची शिळा डबराबरोबर ट्रॅक्टरमध्ये जाते आणि बंब मोडीत, तांब्याच्या भावाने. पाडायच्या आधी साण्याचं, पन्हळाचं, कोनाड्यांचं माप घेऊन ठेवा, निदान फोटो काढा. शिळा दोन माणसांना पहारीने उचलते, नव्या घराच्या परसात ठेवायला जागा लागते ती दोन हात. आणि बंबाला कल्हई-डाग लावणारा तांबट सापडेपर्यंत तो विकू नका.